दुहेरीचा माणूस : हॅरी हॉपमन

टेनिसच्या खेळात कीर्ती मिळते ती एकेरीच्या खेळाडूला. विंबल्डनचा विजेता कोण, असे कोणी विचारले तर विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या मनात एकेरीचाच विजेता असतो. त्याच हिरवळीवर, त्याच पंधरवड्यात जे दोघे जोडीने खेळून करंडक नेतात, त्यांची नावे वर्ष उलटायच्या आत विसरली जातात. आपल्या जिमखान्यांवरचे चित्र मात्र नेमके उलटे आहे. संध्याकाळी तिथे डोकावले तर चौघांचाच डाव रंगलेला दिसतो. मीही आयुष्यभर दुहेरीच खेळत आलो, आणि तीही बेताचीच. म्हणून की काय, दुहेरीचे शहाणपण ज्याने साऱ्या खेळाला लावून दाखवले, त्या माणसाविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. तो माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचे हॅरी हॉपमन.

हॉपमन यांचे नाव निघाले की डेव्हिस करंडक आठवतो. त्यांच्या कप्तानीखाली ऑस्ट्रेलियाने तो १६ वेळा जिंकला. इतके यश दुसऱ्या कोणत्याही कप्तानाच्या वाट्याला आलेले नाही. सेजमन, होड, रोझवॉल, फ्रेझर, लेव्हर, इमर्सन, न्यूकोम, रोश अशी एकाहून एक नावे त्यांच्या हाताखालून गेली. परंतु हे सारे होण्यापूर्वी ते स्वतः खेळाडू होते, आणि त्यांच्या खेळाचा हिशेब मांडल्यावाचून पुढचे नीट उलगडत नाही, असे मला वाटते.

त्यांचा जन्म सिडनीच्या ग्लीब भागात १२ ऑगस्ट १९०६ रोजी झाला. वडील शिक्षक होते. ते रोझहिल येथील शाळेचे मुख्याध्यापक असताना त्या शाळेच्या आवारातील कोर्टावर तेरा वर्षांचा हॅरी अनवाणी खेळू लागला, आणि तेथेच त्याने पहिली स्पर्धा जिंकली. अंगकाठी लहान, फटक्यात विलक्षण जोर नाही. पण पाय चपळ आणि नजर तल्लख. एवढ्या भांडवलावर तो देशाच्या संघापर्यंत पोचला आणि १९२८ साली डेव्हिस करंडकासाठी खेळला.

एकेरीत मात्र दैव त्यांना तीन वेळा उंबरठ्यावरून परत पाठवून राहिले. ऑस्ट्रेलियाच्या अजिंक्यपदाची अंतिम फेरी त्यांनी १९३०, १९३१ आणि १९३२ अशी ओळीने तीन वर्षे गाठली, आणि तिन्ही वेळा ते हरले. पहिल्यांदा एडगर मून याच्याकडून, पुढे दोनदा जॅक क्रॉफर्ड याच्याकडून. गंमत अशी, की ज्या क्रॉफर्डने त्यांना दोनदा हरवले, त्याच क्रॉफर्डच्या जोडीने त्यांनी १९२९ आणि १९३० साली ऑस्ट्रेलियाचे दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले होते. जाळ्याच्या पलीकडे उभे राहून ज्याला जिंकता येत नव्हते, त्याच्या शेजारी उभे राहिले की विजय मिळत होता.

मिश्र दुहेरीत तर त्यांचे नशीब आणखी उजळले. १९३० साली नेल हॉल या तरुणीच्या जोडीने त्यांनी ऑस्ट्रेलियाचे मिश्र दुहेरीचे अजिंक्यपद जिंकले. १९३४ साली दोघांचे लग्न झाले. पुढे १९३६, १९३७ आणि १९३९ साली या जोडप्याने तेच अजिंक्यपद पुन्हा मिळवले. १९३५ साली दोघे विंबल्डनच्या अंतिम फेरीत पोचले. तेथे फ्रेड पेरी आणि डोरोथी राउंड यांनी त्यांना तीन सेटमध्ये हरवले. १९३९ साली हॉपमन यांनी अॅलिस मार्बलच्या साथीने अमेरिकेचे मिश्र दुहेरीचे अजिंक्यपदही घेतले. म्हणजे त्यांच्या नावावर जी मोठी पदे आहेत, ती सगळीच्या सगळी जोडीने मिळवलेली आहेत. त्यांत एकेरीचे एकही नाही.

दुहेरी खेळणाऱ्याला एक गोष्ट लवकर शिकावी लागते. आपला फटका आपल्यासाठी नसतो. सर्व्हिस करणारा असा चेंडू टाकतो की उत्तरात आलेला चेंडू जाळ्याशी उभ्या असलेल्या साथीदाराला मारता यावा. गुण साथीदाराचा दिसतो. तयारी दुसऱ्याची असते. शिवाय साथीदार चुकला तर त्याच्याकडे कसे पाहायचे, त्याचे मन खचते आहे हे त्याच्या चालीवरून कसे ओळखायचे, केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे, हेही शिकावे लागते. एकेरीच्या राजाला याची गरज पडत नाही. हॉपमन यांच्या पुढच्या आयुष्यातील सारी करामत या शिक्षणातून आली, असे माझे मत आहे.

डेव्हिस करंडकाची रीत इथे सांगितली पाहिजे. तीन दिवसांत पाच सामने होत. पहिल्या दिवशी दोन एकेरी, मधल्या दिवशी दुहेरी आणि शेवटच्या दिवशी उलटापालट करून पुन्हा दोन एकेरी. आदल्या वर्षीचा विजेता देश १९७१ पर्यंत थेट अंतिम लढतीतच उतरे, आणि ती लढत बहुधा त्याच्याच देशात होई. एरवी टेनिसपटू कोर्टावर एकटा असतो; त्या काळी इतर स्पर्धांत त्याला कोणी सल्ला देणे नियमाबाहेरचे होते. डेव्हिस करंडकात मात्र कप्तान कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसू शकतो आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलू शकतो. आपल्याकडे आखाड्याच्या कडेला वस्ताद बसतो, तशीच ही खुर्ची. आमच्या वडोदऱ्यात जुम्मादादांचे आणि त्यांच्यामागून आलेल्या प्रो. माणिकरावांचे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कडेला बसलेल्या माणसाचे मोल वेगळे सांगायला नको. हॉपमन त्या खुर्चीवर बसले आणि एकेरीचा सामनाही जणू दुहेरीचा झाला.

न खेळणारे कप्तान म्हणून ते प्रथम १९३८ साली संघाबरोबर गेले. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर १९३९ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबात अंतिम लढत झाली. पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे दोन्ही खेळाडू हरले. त्याच दिवसांत, ३ सप्टेंबरला, युरोपातील युद्धाची घोषणा झाली आणि ऑस्ट्रेलियाही युद्धात उतरला. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या तरुणांच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करावी. दुहेरीत एड्रियन क्विस्ट आणि जॉन ब्रॉमविच या जोडीने अमेरिकेच्या जॅक क्रेमर आणि जो हंट यांना हरवले, आणि तेथून लढत फिरली. क्विस्टने रिग्जला हरवले, ब्रॉमविचने पार्करला. अंतिम लढतीत शून्य-दोन अशा पिछाडीवरून करंडक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. दुहेरीचा तो मधला सामना हॉपमन यांच्या डोक्यातून पुढे कधीच गेला नसावा. त्या सामन्यात हरलेला अठरा वर्षांचा क्रेमर मात्र पुढे त्यांच्या आयुष्यात निराळ्याच वेषात परत यायचा होता.

मध्यंतरी युद्ध झाले. युद्धानंतर करंडक अमेरिकेकडे गेला आणि १९४९ पर्यंत तिथेच राहिला. हॉपमन मेलबर्नच्या हेरल्ड या दैनिकात क्रीडावार्ताहर होते. खेळणेही सुटले नव्हते; १९४८ साली, चाळिशी उलटल्यावर, तरुण फ्रँक सेजमनच्या जोडीने त्यांनी फ्रेंच स्पर्धेतील दुहेरीची अंतिम फेरी गाठली. १९५० साली त्यांना पुन्हा कप्तानी मिळाली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने अमेरिकेत जाऊन करंडक परत आणला. १९५१ साली सेजमन आणि केन मॅक्ग्रेगर या जोडीने ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विंबल्डन आणि अमेरिका ही दुहेरीची चारही अजिंक्यपदे एकाच वर्षात जिंकली. पुरुषांच्या दुहेरीत एकाच वर्षी हा पराक्रम दुसऱ्या जोडीला साधलेला नाही.

त्यांची शिकवण कशी होती? पहिली गोष्ट म्हणजे दम. हॉपमन यांच्या मुलांना कोर्टाबाहेर मैलोगणती धावावे लागे, दोरीवरच्या उड्या माराव्या लागत, व्यायामशाळेत घाम गाळावा लागे. त्या काळी टेनिस हा सभ्य लोकांचा दुपारचा खेळ समजला जाई. त्यात पहिलवानासारखी मेहनत पुष्कळांना विचित्र वाटे. दुसरी गोष्ट म्हणजे एकाविरुद्ध दोघे हा सराव. एका बाजूला दोन खेळाडू, दुसऱ्या बाजूला एकटा. दोघे त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात पळवणार आणि त्याने प्रत्येक चेंडू परत करायचा. पाचव्या सेटचा थकवा सरावातच भोगून झाला की सामन्यात त्याची भीती उरत नाही, असा त्यामागचा हिशेब. आज हा सराव जगभर सर्रास चालतो.

तिसरी गोष्ट शिस्तीची. वेळेवर झोप, नीटनेटका पोशाख, जेवणाच्या टेबलावर रीतभात. चुकले की दंड. परदेशच्या दौऱ्यावर विशीतल्या मुलांना हा जाच वाटे, आणि त्यांतल्या काहींनी पुढे तसे सांगितलेही. पण हाच कडक माणूस थट्टाही करी. रॉड लेव्हर हा किरकोळ, लाल केसांचा मुलगा प्रथम त्यांच्याकडे आला तेव्हा फार मंद होता, म्हणून त्यांनी त्याचे नाव रॉकेट ठेवले. पुढे नावाप्रमाणे मुलगा झाला, आणि त्यातली थट्टा लोक विसरून गेले.

१९५३ सालची मेलबर्नची लढत त्यांच्या कप्तानीची खरी कसोटी होती. सेजमन आणि मॅक्ग्रेगर आदल्या लढतीनंतर संघ सोडून गेले होते. उरले होते लू होड आणि केन रोझवॉल, दोघेही एकोणीस वर्षांचे, तीन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेले. त्या वर्षी या दोघांनी ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि विंबल्डन येथे दुहेरी जिंकली होती. तरीही निवड करणाऱ्यांनी अंतिम लढतीच्या दुहेरीत रोझवॉलला बसवून होडबरोबर रेक्स हार्टविगला उतरवले. जमलेली जोडी मोडली आणि दुहेरी सरळ सेटमध्ये गेली. ऑस्ट्रेलिया एक-दोन असा मागे पडला. टीकेचा सारा भडिमार कप्तानावर झाला.

दुसऱ्या दिवशी पावसाने ओल्या झालेल्या हिरवळीवर होड आणि टोनी ट्रॅबर्ट यांचा सामना झाला. होडने पहिले दोन सेट घेतले, ट्रॅबर्टने पुढचे दोन. सामन्याच्या ऐन भरात होड घसरून पालथा पडला. सारे स्टेडियम चिडीचूप झाले. हॉपमन यांनी खुर्चीजवळून एक टॉवेल उचलला आणि पडलेल्या होडच्या डोक्यावर फेकला. होड हसला, प्रेक्षक हसले, आणि मनावरचा ताण उतरला. सामना होडने १३-११, ६-३, २-६, ३-६, ७-५ असा जिंकला. पुढे रोझवॉलने व्हिक सेक्सासला हरवले आणि करंडक राहिला. डावपेचांच्या शंभर गोष्टी सांगता येतील, परंतु मला तो टॉवेलच मोठा वाटतो. साथीदार पडला असता नेमके काय करावे, हे दुहेरीत मुरलेल्या माणसालाच इतक्या चटकन सुचते.

आता या यशाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिले पाहिजे. त्या काळचे डेव्हिस करंडकाचे टेनिस हौशी म्हणवले जाई. खेळाडूला बक्षिसाचे पैसे नाहीत. फक्त प्रवासखर्च आणि भत्ता. क्रीडासाहित्याच्या कंपन्या काहींना नोकरी देत, आणि तिच्या आधाराने ते वर्षभर खेळत. दुसरीकडे १९५४ साली सिडनीच्या लढतीला दर दिवशी २५ हजारांहून अधिक प्रेक्षक तिकीट काढून बसले होते. ही गर्दी ज्यांच्यामुळे जमे, त्यांच्या हाती त्यातले काही पडत नसे. मग क्रेमर आला. मेरियनला हरलेला तो मुलगा आता धंदेवाईक टेनिसचा चालक झाला होता, आणि हॉपमन यांनी तयार केलेली फळे एकेक करून तोडून नेत होता. सेजमन आणि मॅक्ग्रेगर १९५२ च्या लढतीनंतर गेले, रोझवॉल १९५६ अखेर गेला, होड १९५७ चे विंबल्डन जिंकून गेला. लेव्हर १९६२ साली चारही एकेरी अजिंक्यपदे जिंकून धंदेवाईक झाला.

हॉपमन हौशी संघटनेच्या बाजूनेच उभे राहिले. मुलांनी अधिक दिवस देशासाठी खेळावे, असे त्यांना मनापासून वाटे. परंतु ज्याच्या घरी पैसा नाही त्या मुलाने देशाभिमानावर किती वर्षे काढावीत, या प्रश्नाचे उत्तर हौशी व्यवस्थेपाशी नव्हते, आणि त्या व्यवस्थेचा सर्वांत यशस्वी कारागीर हॉपमनच होते. त्यांचा मोठेपणा सांगताना ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. मात्र एवढेही सांगितले पाहिजे, की दर वेळी घर लुटले गेल्यावर ते पुन्हा कोऱ्या मुलांना घेऊन बसले. होड आणि रोझवॉल गेल्यावर १९५७ साली कूपर आणि अँडरसन यांच्या बळावर त्यांनी करंडक राखला. १९५८ साली गमावला, तर १९५९ साली फ्रेझर, लेव्हर आणि इमर्सन यांच्याकडून परत आणवला. लेव्हर गेल्यावर १९६३ साली पुन्हा गमावला, आणि १९६४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला जाऊन पुन्हा घेतला.

आपला आणि त्यांचा संबंध आला तो डिसेंबर १९६६ मध्ये. कलकत्त्याला ब्राझीलवर मात करून भारत प्रथमच डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत पोचला होता. लढत मेलबर्नला. मी तेव्हा शाळेत होतो, आणि सकाळचे वर्तमानपत्र घरात येताच वडिलांच्या आधी त्यावर झडप घालण्याचे ते दिवस होते. पहिल्या दिवशी स्टोलने कृष्णनला आणि इमर्सनने जयदीप मुखर्जीला सरळ सेटमध्ये हरवले. दुहेरीत समोर होते न्यूकोम आणि रोश, म्हणजे १९६५ चे विंबल्डनचे विजेते. भारताची जोडी पहिला सेट ४-६ असा हरली आणि पुढचे तीन ७-५, ६-४, ६-४ असे जिंकली. लढत अखेर ऑस्ट्रेलियाने चार-एक अशी घेतली. पण दुहेरीच्या त्या महागुरूच्या संघाला त्याच्याच घरात दुहेरीत हरवणारी जोडी रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांची होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. पुढच्या वर्षी स्पेनला हरवून हॉपमन यांनी आपला सोळावा आणि अखेरचा करंडक मिळवला.

नेल हॉपमन यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील. त्या नुसत्या कप्तानाच्या पत्नी नव्हत्या. १९५३ साली अमेरिकेची मॉरीन कॉनोली ही एका वर्षात चारही एकेरी अजिंक्यपदे जिंकणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा तिच्याबरोबर मार्गदर्शक म्हणून हिंडत होत्या त्या नेलच. दुसऱ्या वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी कॉनोलीच्या जोडीने फ्रान्सचे स्त्रियांचे दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. स्त्रियांसाठीही देशादेशांची सांघिक स्पर्धा असावी म्हणून त्या प्रयत्न करीत होत्या. ती स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. १९६८ च्या जानेवारीत नेल वारल्या. ज्या जोडीने १९३० साली पहिले अजिंक्यपद घेतले होते, ती अशी फुटली.

त्याच वर्षी टेनिसमध्ये हौशी आणि धंदेवाईक हा भेद मोठ्या स्पर्धांपुरता मिटला. हॉपमन यांचे जुने जग संपले. १९६९ साली त्यांनी कप्तानी सोडली आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते अमेरिकेत गेले. ज्या देशाला हरवण्यात आयुष्य घालवले, त्याच देशाच्या मुलांना फी घेऊन टेनिस शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले. न्यूयॉर्कजवळच्या पोर्ट वॉशिंग्टन येथील अकादमीत ते प्रमुख होते. तेथे त्यांच्या हाताखाली आलेल्या मुलांत व्हिटास गेरुलायटिस होता, आणि कुरळ्या केसांचा, रागीट असा जॉन मॅकेन्रोही होता. मॅकेन्रो पुढे एकेरीत जगात पहिला झाला. पण त्या काळचे इतर मोठे खेळाडू दुहेरी टाळीत असताना तो पीटर फ्लेमिंगच्या जोडीने दुहेरी खेळत राहिला आणि विंबल्डनची दुहेरी चार वेळा जिंकला. देशासाठी डेव्हिस करंडकात उतरायलाही त्याने मागेपुढे पाहिले नाही. हे सारे हॉपमन यांनीच शिकवले, असे मी म्हणणार नाही. मुलाचा स्वभाव मुलाचा असतो. पण ते त्यांना आवडले असेल, एवढे खात्रीने म्हणता येईल.

नंतर फ्लोरिडात त्यांनी दुसरी पत्नी लुसी यांच्यासह स्वतःची शाळा काढली. वृद्धपणीही ते कोर्टावर उभे राहून मुलांकडे भराभर चेंडू फेकीत आणि त्यांना पळवीत. २७ डिसेंबर १९८५ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्लोरिडातच त्यांचे निधन झाले. परक्या देशात, परक्या मुलांना शिकवीत त्यांनी शेवट गाठला, याबद्दल त्यांच्या मायदेशी काहींना वाईट वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ज्या हौशी व्यवस्थेने त्यांना मोठे केले आणि ज्या व्यवस्थेने त्यांच्या मुलांना उपाशी ठेवले, तिच्या बाहेर पडून त्यांनी अखेरची वर्षे उघडपणे मेहनताना घेऊन शिकवण्यात काढली. त्यात कमीपणा नव्हता. उलट एक जुना हिशेब फेडल्यासारखे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर १९८९ साली पर्थ येथे हॉपमन करंडक या नावाने एक स्पर्धा सुरू झाली आणि २०१९ पर्यंत दरवर्षी तिथे होत राहिली. तिच्यात प्रत्येक देशाच्या संघात दोघेच असत, एक पुरुष आणि एक स्त्री. दोन एकेरी झाल्या की निकाल पुष्कळदा मिश्र दुहेरीवर येई. ऑस्ट्रेलियाने त्यांच्या नावाने एकेरीचा करंडक ठेवला नाही हे बरे झाले.